ओडरमाटचा २०२३-२४ चा सीझन: नऊ जिंकल्या, दहावी सुटली

स्वित्झर्लंडचा स्कीअर मार्को ओडरमाटच्या त्या जायंट स्लॅलम (थोडक्यात जीएस) सीझनबद्दल कधीचं लिहायचं होतं. लोक एकतर ९ चा आकडा सांगतात, नाहीतर शेवटच्या रेसला, ऑस्ट्रियातल्या झालबाखला, तो रेसमधून बाहेर गेला ते सांगतात, आणि मला मात्र वाटतं की त्या सीझनची सगळ्यात मोठी गोष्ट जानेवारीत ऑस्ट्रियातल्याच श्लाडमिंगला रात्री दिव्यांच्या उजेडात घडली आणि तिला सगळे एका ओळीत उरकतात.

पण आधी थोडं खेळाबद्दल, साताऱ्यात हे सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. जीएस म्हणजे डोंगरउतारावर लाल-निळी गेट रोवलेली, पायाला स्की बांधून प्रत्येकाला वळसा घालत खाली यायचं, एकही चुकवायचं नाही. ट्रॅक म्हणजे भुसभुशीत बर्फ नव्हे, पाणी सोडून गोठवलेला कडक, चकचकीत बर्फ. त्याच्यावर ताशी ७० च्या आसपास स्पीड. आणि प्रॅक्टिस रन नाही हां, सकाळी फक्त गेटच्या बाजूनं हळूहळू उतरत बघून घ्यायचं आणि डोक्यात पाठ करायचं. असे दोन रन, दोन्हीच्या वेळेची बेरीज करायची. दुसऱ्या रनला गेटची मांडणी नवीन असते. पहिल्या रनमधले ३० जणच दुसऱ्यात जातात आणि ते उलट्या क्रमानं, म्हणजे ३० वा आधी आणि पहिला सगळ्यात शेवटी.

आमच्या आबांनी (आयुष्यभर पोरांना मैदानावर पळवलेला माणूस) हे ऐकल्यावर लगेच विचारलं, "अरे, मग जो पुढं आहे त्यालाच खराब झालेला ट्रॅक मिळणार की." बरोबर पकडलं त्यांनी. २९ जण गेल्यावर प्रत्येक गेटपाशी चर पडलेले असतात, स्की त्यात आदळते, उडते. म्हणून जीएसमध्ये पहिल्या रनचा लीड फार भरवशाचा नसतो आणि म्हणून मला हा खेळ आवडतो.

शेंबड्या पोरालाही समजेल असं सांगायचं तर पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट टू-व्हीलरवर उतरून बघा, वळण दिसल्यावर वळायला लागलात तर उशीर झालेला असतो, वळणाच्या आधीच गाडी बाहेरच्या बाजूला नेऊन तयारी करावी लागते आणि आता नीट झालं म्हणेपर्यंत पुढचं वळण येतं. जीएसमध्ये पण तेच, गेटच्या वरच वळण पूर्ण व्हायला आलेलं पाहिजे, गेटच्या खाली वळत बसला की वेळ गेला. पुरुषांच्या स्कीच्या कडेला जो बाक असतो त्याची त्रिज्या निदान ३० मीटर असावी लागते, म्हणजे ती स्की स्वतःहून पटकन वळत नाही, तिला मांडीच्या ताकदीनं वाकवावी लागते. ओडरमाट हे इतक्या लवकर करतो की स्लो मोशनमध्ये बघितल्याशिवाय कळतच नाही.

आता सीझन. सुरुवात तर झालीच नाही म्हणायला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात सोल्डेनला पहिल्या रेसच्या दोन दिवस आधी नॉर्वेच्या लुकास ब्राथननं रिटायर होतोय म्हणून जाहीर केलं, आदल्या सीझनचा स्लॅलमचा (जवळजवळ गेट असलेला प्रकार) ग्लोब, म्हणजे सीझनभराच्या पॉइंटवर मिळणारी ट्रॉफी, जिंकलेला पोरगा, वय २३! आणि मग रविवारी वाऱ्यानं पहिला रनच अर्ध्यात बंद पाडला, रेस रद्द. इकडं आपल्याकडं त्या दिवसांत सगळी चर्चा तिरंदाजीची, कारण ऑगस्टमध्ये आपली अदिती स्वामी बर्लिनला १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, फायनल १४९-१४७. दोन पॉइंटचा फरक म्हणजे काय हे आपल्या लोकांना नीट कळतं. जीएसमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतात, ७० च्या स्पीडला तेवढ्या वेळात माणूस साधारण वीतभर पुढं सरकतो.

डिसेंबरात फ्रान्समध्ये व्हाल दिझेरला पहिली रेस पूर्ण झाली, ओडरमाट पहिला, ऑस्ट्रियाचा मार्को श्वार्त्स दुसरा. तिसरा आला जोआन वेर्दू, अँडोराचा, आणि त्या देशाचा वर्ल्ड कपमधला (सीझनभर गावोगावी चालणारी हीच रेसची मालिका) हा पहिलाच पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत नंबर. अँडोरा देशाची लोकसंख्या सातारा शहराहून कमी आहे बरं का. मला त्या दिवशी ओडरमाटपेक्षा वेर्दूचा आनंद जास्त झाला होता, खरं सांगतो. मग इटलीत आल्ता बादियाला ग्रान रिसा नावाच्या उतारावर लागोपाठ दोन दिवस दोन रेस, दोन्ही ओडरमाटच्या. आडेलबोडेनला तर घरच्या स्विस गर्दीसमोर सेकंदाहून जास्त फरकानं जिंकला, तिथला सलग तिसरा विजय. जीएसमध्ये एक सेकंद म्हणजे बाकीचे वेगळीच रेस खेळत होते.

लोक म्हणतात की प्रतिस्पर्धी जखमी होते म्हणून सोपं गेलं. यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. श्वार्त्सचा गुडघा २८ डिसेंबरला बोर्मिओच्या डाउनहिलमध्ये (सगळ्यात वेगाचा प्रकार) गेला, किल्डे आणि पिंतुरो दोघं जानेवारीत वेंगेनला पडले आणि तिघांचाही सीझन तिथंच संपला. पण क्रिस्टोफरसन होता, मेयार होता, झुबचिच होता, फेलर होता. आणि वेंगेनचा तोच डोंगर ओडरमाटही उतरत होता, डाउनहिल, सुपर-जी (डाउनहिल आणि जीएसच्या मधला प्रकार) सगळं खेळून वर जीएस. उलट बाकीचे पडत असताना हा उभा राहिला, ही पण ताकदच आहे ना?

तर श्लाडमिंग. २३ जानेवारी, रात्रीची रेस, आपल्याकडं दुसरा रन म्हणजे मध्यरात्र उलटून गेलेली. पहिल्या रननंतर ओडरमाट अकरावा. अकरावा! सगळ्यांनी धरलं की मालिका तुटली. अकरावा म्हणजे दुसऱ्या रनमध्ये विसावा निघणार, ट्रॅक बऱ्यापैकी उखडलेला, आणि तो खाली आल्यावर वर अजून दहा जण शिल्लक, ज्यांच्याकडं आधीचा लीड आहे. त्यानं तो रन असा काढला की एकाही वळणावर स्की घासलेली दिसत नाही, फक्त कड बर्फात रुतलेली आणि शरीर जवळजवळ आडवं. मग तो खाली लीडरच्या जागेवर उभा आणि वरून एकेक जण येतोय, वरच्या टायमिंगला हिरवा आकडा (म्हणजे ओडरमाटच्या पुढं), मधल्याला कमी हिरवा, खाली लाल (म्हणजे मागं). एकेक करत दहाही जण मागं. मी आबांना उठवलं नाही, पण सकाळी चहाच्या आधी तो रन परत लावून दाखवला आणि ते एवढंच म्हणाले, "ह्याला अकरावा ठेवला कुणी?"

माझं म्हणणं असं की बाकी आठ विजय हे सगळ्यात वेगवान माणसाचे होते, हा एक विजय वेगळा होता, कारण इथं त्याचा दिवस नव्हता.

नंतर बान्स्को, पॅलिसेड्स टाहो, ॲस्पेनला दोन, सगळं त्याचं. नऊ पैकी नऊ. आदल्या सीझनच्या शेवटच्या तीन धरून सलग १२ जीएस. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कनं १९७८-७९ मध्ये दहापैकी दहा जिंकल्या होत्या आणि त्याची सलग जीएसची मालिका १४ ची आहे, म्हणजे ओडरमाट त्याच्या दारात जाऊन पोचला होता. १६ मार्चला झालबाखला सीझनची शेवटची जीएस, पहिल्या रनमध्ये पुन्हा हाच पुढं, दुसऱ्यात शेवटी निघाला आणि बाहेर गेला. जिंकला त्याचाच स्विस टीममेट लोइक मेयार.

आबांचं म्हणणं, लीड होता तर सांभाळून यायचं, ग्लोब तर आधीच नक्की झालेला, दहापैकी दहाचा इतिहास समोर होता. आमचा यावर बराच वाद झाला, अजून होतो. मला नाही पटत. त्या कडक बर्फावर सांभाळून येणं ही गोष्टच नाहीये, दाब कमी केला की स्कीची कड सुटते आणि चरांमध्ये तर जास्तच सुटते. आणि जो माणूस सांभाळून उतरतो तो श्लाडमिंगला अकराव्यावरून जिंकत नाही, दोन्ही रन एकाच माणसाचे आहेत, एक हवा आणि दुसरा नको असं नाही चालणार.

पुढच्या ऑक्टोबरात सोल्डेनला तो परत बाहेर गेला, पहिल्याच रनमध्ये, आणि नॉर्वेनं पहिले तीनही नंबर नेले, स्टेन ओल्सन, क्रिस्टोफरसन, मॅकग्रा. आबा माझ्याकडं बघत होते. डिसेंबरात व्हाल दिझेरला ओडरमाट जिंकला, सीझनअखेर जीएसचा ग्लोब सलग चौथ्यांदा त्याच्याकडंच गेला, पण आबा अजून झालबाखवर अडलेत.

कुणाला बघायचं असेल तर श्लाडमिंगचा तो दुसरा रन विसाव्या नंबरापासून लावा, आणि फक्त त्याचाच बघून बंद करू नका, नंतरचे दहाही बघा.