सौम्य म्हणजे किती?

"कुठला हात?"

करोनाची लस घ्यायला गेलं की हा प्रश्न हमखास येतो आणि मी दर वेळी कुणीतरी अवघड गणित घातल्यासारखी दोन सेकंद नर्सच्या तोंडाकडे बघत बसते. म्हणजे सगळी कामं उजव्या हाताने, म्हणून डावा पुढे करावा, पण मी झोपते डाव्या कुशीवर, म्हणून खरं तर उजवा द्यावा, पण मग उद्या केस कोण विंचरणार, आणि मागे माणसं ताटकळतायत. शेवटी तोंडातून 'डावा' निघून जातं आणि त्या रात्री दोन वाजता कूस बदलताना कळ आली की आठवतं, अरेच्चा, मागच्या वेळी ठरवलं होतं ना की आता उजवा द्यायचा म्हणून. असे माझे आजवर पाच डोस झाले, पाचही डाव्या दंडात.

पहिल्या दोन डोसची गोष्टच वेगळी होती. ८ डिसेंबर २०२०ला इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत मार्गारेट कीनन नावाच्या नव्वद वर्षांच्या आजी बाही वर करून बसल्या आणि ट्रायलच्या बाहेर फायझरची लस घेणाऱ्या जगातल्या पहिल्या ठरल्या, तो फोटो बघून मी चक्क रडले होते. स्वतःचा नंबर लागला तेव्हा मी इस्त्रीचा कुडता घालून, आरशात बघून, लग्नाला निघाल्यासारखी निघाले होते. तिसऱ्या डोसपर्यंत मात्र सगळी हौस फिटलेली. गेले, टोचून घेतलं, पंधरा मिनिटं खुर्चीवर बसले, घरी आले. सेल्फी नाही, स्टेटस नाही, काही नाही.

त्यात हा 'बूस्टर' शब्द. मला आपलं वाटायचं की बूस्टर घेतल्यावर माणसाला जरा तरतरी यावी, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढावेत वगैरे. पेपरवाले त्याला 'वर्धक मात्रा' म्हणायचे, ते तर खलात उगाळून मधातून चाटवणार असल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला घेतलेली ती मात्रा रात्री अकराच्या सुमारास लागू पडली. आधी नुसती बोटं गार, मग दात वाजायला लागले, दोन पांघरुणं घेऊनही हुडहुडी जाईना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग असं दुखत होतं की कुणीतरी रात्रभर धोपटण्याने धोपटून वाळत घातलंय. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि जी काय पाचावर धारण बसली! काखेतली गाठ म्हटल्यावर आपलं बाईमाणसाचं डोकं कुठे जातं ते वेगळं सांगायला नको. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या, म्हणाल्या ती लिम्फ नोड आहे हो, दंडात टोचलेल्या लशीची खबर तिथेच जाते आणि तिथेच सैनिकांची भरती चाललेली असते, बूस्टरनंतर हे जरा जास्त दिसतं, थोड्या दिवसांनी परत हात लावून बघा, तरीही राहिली तर या. आठवड्यात गेली. तेव्हापासून मॅमोग्रामला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला गेले की लस शेवटची कधी घेतली, कुठल्या हातात, हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकते.

नवऱ्याला यातलं काहीही झालं नाही. त्याच दिवशी, त्याच रांगेत, माझ्या मागोमाग त्याने डोस घेतला आणि घरी येऊन कपाटावरच्या बॅगा खाली काढत बसला. वर मलाच ऐकवतो, "अगं, तू घाबरतेस म्हणून तुला होतं." याचा राग येतो कारण त्यात थोडं तथ्य आहे. लशींच्या ट्रायलमध्ये ज्यांना नुसतं मिठाचं पाणी वगैरे टोचलं होतं त्यांच्यातल्याही साधारण एक तृतीयांश लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकं दुखतंय, गळून गेल्यासारखं होतंय अशा तक्रारी नोंदवल्या होत्या. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. लशीनंतरच्या आठवड्यात जे जे होईल ते सगळं लशीच्या खात्यावर, माझी एक मावशी तर गुडघ्याचं दुखणंही तिथेच जमा करायची. पण काखेतली गाठ काही मी घाबरून आणली नव्हती, हे मी त्याला आजही ऐकवते.

कॅटलिन करिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांना २०२३चं नोबेल मिळालं ते कशासाठी, हे वाचलं तेव्हा मला अजूनच हसू आलं. बाहेरून आलेला एमआरएनए, म्हणजे प्रोटीनची कृती लिहिलेला रेणू, आमच्या लशीत असतो तोच, दिसला की शरीर भडकतं, सूज काय, ताप काय, म्हणून त्यांनी त्या रेणूत एक अक्षर जरा बदलून तो असा सोज्वळ केला की शरीराने फार आकांडतांडव करू नये. म्हणजे इतकं समजूत घालून पाठवल्यावरही माझ्या अंगाने जो तमाशा केला तो कमी केलेला तमाशा होता तर.

असो. चौथा डोस २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, तो दोन व्हेरिएंटवाला, अर्धा मूळच्या विषाणूसाठी आणि अर्धा ओमिक्रॉनच्या नव्या पिल्लांसाठी. आणि पुढच्या फेब्रुवारीत, चार महिने होतायत न होतायत तोच, मला करोना झाला.

पहिल्या दिवशी फक्त घसा. गिळताना कुणीतरी आतून पॉलिश पेपर फिरवतंय असा. टेस्ट केली, निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं, परत टेस्ट, परत निगेटिव्ह, मग मी उगाच खूश, साधी सर्दी आहे म्हणून मैत्रिणीला फोनबिन करून सांगितलं. नंतर कळलं की ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच तयार असते त्यांचं शरीर लवकर बोंब ठोकतं, विषाणू नाकात पुरेसा वाढायच्या आधीच लक्षणं सुरू होतात, म्हणून सुरुवातीच्या टेस्टवर फार विश्वास ठेवायचा नसतो. तिसऱ्या दिवशी परत ती काडी नाकात फिरवली, पाच शिंका आल्या, द्रावणात घोळवली, चार थेंब त्या छोट्याशा खिडकीत टाकले आणि मोबाईलवर पंधरा मिनिटांचा टायमर लावला.

टायमर लावायची काही गरजच नव्हती. ओल कागदावरून पुढे सरकताना दिसत होती, फिकट गुलाबी, हळूहळू, आणि 'टी'च्या, म्हणजे टेस्टच्या खुणेपाशी पोचली तशी तिथे रेघ उमटायला लागली. टेस्ट नीट चालली एवढंच सांगणारी ती 'सी'ची रेघ यायच्या आधी! सीची रेघ बिचारी मागून आली, दमत दमत, कर्तव्य म्हणून. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पट्टी खिडकीपाशी नेली, उजेडात तर ती जास्तच ठसठशीत दिसली. अशा वेळी माणूस काय करतो? मी फोटो काढला. का काढला माहीत नाही. तो अजून मोबाईलमध्ये आहे आणि दर फेब्रुवारीत मोबाईल तो मला 'आठवणी' म्हणून हळव्या संगीतासकट दाखवतो.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या लशी घेतल्यास ना, त्याच दिसत असतील त्यात." कल्पना वाईट नव्हती, पण तसं होत नाही. आमच्या लशीत फक्त विषाणूच्या अंगावरच्या काट्यांची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची कृती असते, आणि घरी करायच्या या टेस्ट बहुतेक सगळ्या शोधतात ते विषाणूच्या पोटातलं दुसरंच प्रोटीन. रेघ आली म्हणजे पाहुणा स्वतः आलेला. हे मी तिला नीट समजावून सांगितलं, घसा फाटलेला असताना, आणि तिने सगळं ऐकून घेऊन विचारलं, "मग लशीचा उपयोग काय झाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढचे सहा दिवस पडल्या पडल्या शोधत होते.

दोन दिवस एकशे दोन ताप होता. डोळ्यांची बुबुळं हलवली तरी दुखायची, त्यामुळे कुणी डावीकडून बोललं तर मी सगळी मानच वळवायचे. वास जातोय का ते बघायला बामाची बाटली दिवसातून दहा वेळा हुंगत होते, गेला नाही, उलट त्या बामाचाच कंटाळा आला. एकदा ऑक्सिमीटरने ९३ दाखवलं आणि माझा श्वास खरोखरच अडकला, मग लेक दाराबाहेरून ओरडली, "आई, आधी हात चोळ! आणि ते गडद नेलपॉलिश काढ!" हात बर्फासारखे गार होते. चोळले, नेलपॉलिश खरवडलं, ९७. आणि हे सगळं चालू असताना डॉक्टर फोनवर किती प्रसन्न आवाजात म्हणावेत, "काही काळजी नको, माइल्ड आहे."

माइल्ड. सौम्य. मला सौम्य म्हटलं की साबण आठवतो, नाहीतर स्वभाव. सौम्य माणूस रात्री तीन वाजता असं खोकायला लावत नाही की बरगड्या मोजता येतील. मग शोधलं तेव्हा कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लक्षणं आहेत पण न्यूमोनिया नाही आणि ऑक्सिजन खाली गेलेला नाही, तर तो आजार सौम्य. बस. तुम्ही पांघरुणात रडताय का, देवाचा धावा करताय का, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. सौम्य हे पेशंटने मोजायचं मापच नाहीये, ते छातीने मोजायचं माप आहे. माझं नाक, घसा, डोकं, सांधे यांची जी काही वाट लागली होती ती जमेलाच नव्हती, छाती स्वच्छ ना, मग झालं तर. आधी राग आला, पण २०२१मधले आमच्या ओळखीतले दोन-तीन चेहरे आठवले आणि राग गुपचूप गिळला, घसा दुखत असूनही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला बरं व्हायला लागल्यावर सापडलं, म्हणजे डॉक्टरीणबाईंनीच दिलं, मी फक्त माझ्या भाषेत आणलं. दंडात घेतलेल्या लशीची अँटीबॉडी मुख्यतः रक्तात फिरते, नाकातोंडाच्या ओल्या अस्तरावर तिचा पहारा तोकडा पडतो, शिवाय डोसनंतर काही महिन्यांत ती उतरतेही. त्यात ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसपेक्षा जास्त बदल झालेले, म्हणजे चोराने वेशच पालटलेला. म्हणून नाकातून तो आत येतो. पण आत आल्यावर ज्या पेशींना त्याची जुनी ओळख आहे त्या जाग्या होतात आणि फुप्फुसांपर्यंत पोचायच्या आत त्याला गाठायचा प्रयत्न करतात. थोडक्यात फाटकाला कडी नाही पण तिजोरीला कुलूप आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग फाटकाला कडी घालणारी लस काढायची ना." अशा लशीवर, नाकात मारायच्या, शास्त्रज्ञ खरंच डोकं लावून बसलेत, तेव्हा आई काही अगदीच चुकीचं बोलली नाही.

पण मला एक कधीच कळणार नाही. चार डोस नसते घेतले तर मला काय झालं असतं? कदाचित हेच. कदाचित खूप वाईट. लाखो माणसांची आकडेवारी काढली तर लस घेतलेले हॉस्पिटलात कमी गेले, कमी मेले, यात शंका नाही, पण माझी एकटीची आकडेवारी कुठून आणणार, माझी दुसरी प्रत थोडीच आहे, बिनलशीची, शेजारच्या खोलीत झोपवून ठेवलेली. शेजारच्या खोलीत होता नवरा. एका घरात, एका दाराच्या अंतरावर, माझी ताटं धुऊन, माझी चादर बदलून, तीन टेस्ट करून तिन्ही वेळा निगेटिव्ह. याला लशीने काही होत नाही, करोना शिवत नाही. त्याच्या मते हे त्याच्या स्वभावामुळे. माझ्या मते त्याला कधीतरी होऊन गेला असणार आणि बॅगा काढण्याच्या नादात त्याच्या लक्षात आलं नसणार.

ताप गेला, अकराव्या दिवशी दुसरी रेघही गेली, पण जिना राहिला. एका मजल्यानंतर कठड्याला धरून उभं राहायचं आणि वरून कुणी उतरलं तर मोबाईलमध्ये काहीतरी बघतोय असं दाखवायचं. बरेच आठवडे असे गेले. तेवढ्यात ५ मे २०२३ उजाडला, त्या दिवशी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं, मी ती बातमी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून वाचली.

त्या वर्षाअखेरीस पाचवा डोस घ्यायला गेले, हा परत नव्या व्हेरिएंटचा. डावा हात. मग ती पंधरा मिनिटांची खुर्ची, कुणाला अचानक तीव्र ॲलर्जी आली तर लक्षात यावी म्हणून बसवतात ती. बाजूला पंचविशीतला एक मुलगा दंडावरचा बोळा दाबून बसला होता, चेहरा जरा पडलेला. त्याने विचारलं, "काकू, तुम्हाला होऊन गेलाय का?"

"हो ना," मी म्हटलं, "पण अगदी सौम्य."

म्हणून मोकळी झाले आणि माझंच मला ऐकू आलं. त्याचा चेहरा जरा खुलला. "सौम्य म्हणजे किती हो?" मग मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि घशापासून सुरुवात केली, पॉलिश पेपर, मैत्रिणीला केलेला फोन, काडी, शिंका, चार थेंब, आणि ती टीची रेघ सीच्या आधी कशी आली ते मी बोटांनी हवेत काढून दाखवत होते तेवढ्यात नर्सने त्याला हाक मारली, त्याची पंधरा मिनिटं झाली होती.