रेंड्सबुर्ग एन-स्केल: चढ जमला, आता फिरत्या पुलाचं खूळ

मंडळी, माझ्या एन-स्केल (१:१६० मापाच्या) मॉडेल रेल्वेत गाडी चढली! २२० वर्गाचं डिझेल इंजिन आणि सहा डबे. स्टेशनातून सुटून पूर्ण लूप फिरून वर आले आणि पुलावर थांबले. मागून बोट लावावं लागलं नाही.

मागच्या नोंदीत चढ अर्ध्यात अडकला होता आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी 'लूपच काढून टाक' असं सुचवलं होतं. तो सोडून बाकी सगळं काढायला मी तयार आहे. का, ते नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. रेंड्सबुर्ग हे उत्तर जर्मनीतलं, आयडर नदीकाठचं सखल, सपाट गाव. १८९५ साली उत्तर समुद्र आणि बाल्टिक जोडणारा कालवा गावाच्या दक्षिणेला अगदी खेटून गेला. रेल्वे त्यावरून दोन फिरत्या पुलांनी जायची. म्हणजे जहाज आलं की गाडी थांबणार आणि गाडी आली की जहाज. पुढे युद्धनौका वाढल्या, १९०७ ते १९१४ मध्ये कालवा ६७ मीटरवरून १०२ मीटर रुंद केला आणि रेल्वेला थेट ४२ मीटर वर न्यावं लागलं. पण स्टेशन कालव्यापासून इतकं जवळ, की पुलावरून सरळ उतरणारी गाडी ते ओलांडून पार पुढे जाऊन जमिनीला लागली असती. म्हणून फ्रीडरिख फॉस या अभियंत्याने उत्तर बाजूला रूळ गोल फिरवून, स्वतःच्याच खालून काढून स्टेशनात आणले. १९१३ पासून आजतागायत गाड्या तशाच जातात. लूपच्या पोटात अख्खी वस्ती आहे आणि तिचं नावही 'श्लाइफं', म्हणजे लूपच. त्यामुळे स्टेशन आणि उंची दोन्ही हवीत, आणि त्यांना जोडणारा लूपही. नाहीतर मग ते रेंड्सबुर्ग कसलं?

आता आपल्या खोलीतलं गणित. १:१६० ला ४२ मीटर म्हणजे सव्वासव्वीस सेंटिमीटर. लूपची त्रिज्या भिंत देते तेवढीच, ४५ सेंटिमीटर. एका फेऱ्यात सव्वासव्वीस चढायचे तर चढ नऊ टक्क्यांच्या वर जातो, तिथे दातेरी रुळावर चढणारं रॅकचं इंजिन लागेल. खऱ्या पुलाची लांबीच २४८६ मीटर आहे. पुऱ्या मापात तो साडेपंधरा मीटर होतो, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या बाहेर जिन्यापर्यंत. तेव्हा कात्री लावली. पाण्यापासून पुलाचा तळ १६ सेंटिमीटरवर, रूळ २० वर. शिवाय बेसबोर्ड, म्हणजे पायाची फळी, कापून कालव्याचं पाणी स्टेशनपेक्षा ६ सेंटिमीटर खाली नेलं. उरला १४ सेंटिमीटरचा चढ. लूप आणि मागच्या भिंतीची धाव मिळून पावणेसहा मीटर. अडीच टक्क्यांच्या आतबाहेर. कागदावर सुरेख.

आणि तरीही गाडी रोज एकाच जागी, लूपच्या तिसऱ्या चतुर्थांशात, चाकं गरगर फिरवत उभी राहायची. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. चाकांवरचे रबरी ट्रॅक्शन टायर बदलले. रूळ जोडणाऱ्या प्रत्येक जॉइनरवर मल्टिमीटर लावला, व्होल्टेज ठणठणीत. इंजिनातल्या डिकोडरचं (नियंत्रणाच्या चिपचं) मोमेंटम, म्हणजे हळूहळू वेग घेण्याची सेटिंग, शून्यावर आणलं. इंजिनाच्या टपाखाली शिशाची पट्टी चिकटवली, त्याने जरा फरक पडला. चार डबे वर, पाचवा लावला की पुन्हा तेच. एप्रिलमध्ये हीच गाडी, हेच डबे, याच जागेवरून गेल्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, त्यामुळे डोकं जास्तच फिरायचं.

शेवटी डिजिटल अँगल गेज एका सपाट वॅगनवर बसवलं आणि वॅगन हाताने हळूहळू ढकलत नेली. अडीच, अडीच, २.६, आणि मग एकदम ३.८! वीतभर अंतर तसं, त्याच्या पुढे जवळजवळ सपाटी. पुण्याचा पावसाळा, दुसरं काय. रुळांखालचा प्लाय दमट हवेने फुगून दोन ठोकळ्यांच्या मध्ये पोक काढून बसला होता आणि खालचे एमडीएफचे ठोकळे आपापल्या मर्जीने वाढले होते. वळणाचा विरोध आधीच होता, त्यात हा उंचवटा. सहा डब्यांचं वजन नेमकं तिथे इंजिनावर यायचं.

तर ठोकळे सगळे काढले. त्यांच्या जागी ६ मिमीचे आटेवाले रॉड, प्रत्येकावर प्लायच्या वर-खाली एकेक नट आणि वॉशर. या रॉडची गंमत अशी की आट्यांतलं अंतर १ मिमी असतं, म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा = एक मिलिमीटर उंची. पाव फेरा, पाव मिलिमीटर! आकडा बघायचा, पाना फिरवायचा, परत आकडा बघायचा. एक अख्खी रविवार दुपार मी हे करत बसलो होतो आणि घरच्यांना वाटलं मला बरं नाही. लूपभर आता २.४ ते २.६. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना सँडिंग सीलर दिलाय. कडा विसरू नका, ओल तिथूनच शिरते. पुढच्या पावसात पुन्हा पोक आलंच तर पाना आहे.

रॉड बोहरी आळीतून वजनावर घेतले. 'मॉडेल रेल्वेसाठी खास' म्हणून परदेशातून येणारा उंची-संच याच्या कैक पट महाग पडतो आणि त्यातही असेच रॉड असतात. हव्या तशा वाकवता येणाऱ्या फ्लेक्स ट्रॅकवर मात्र पैसे वाचवू नये असं माझं ठाम मत झालंय. पेको कंपनीचा कोड ५५ रूळ वळणात जसा बसतो तसा स्वस्तातला बसत नाही.

पुलाचा मधला गाळा खऱ्यात १४० मीटर, आपल्याकडे साडेसत्याऐंशी सेंटिमीटर. तो पूर्ण मापात ठेवलाय, कंजुषी बाकीच्या मनोऱ्यांवर. काळ १९७०चा धरल्याने डोक्यावरच्या तारांची कटकट नाही. त्या इथे १९९०च्या दशकात आल्या.

पुलाखालच्या लटकत्या फेरीचंही, म्हणजे कालवा ओलांडून नेणाऱ्या टांगत्या डब्याचंही, थोडं पुढे सरकलंय. चार मोटारी मावणारा तो डबा खऱ्या पुलाला बारा दोरांनी टांगलेला असतो. ८ जानेवारी २०१६ ला मालवाहू जहाजाने ठोकरल्यावर तो बाद झाला, २०२२ ला नवा आला. माझा डबा दोऱ्यावर पाळण्यासारखा झुलत होता. गिटारच्या तारा तिरप्या लावल्या तर बराच शांत झालाय. सरकवायला एन-२० ही छोटी गिअरची मोटर.

हे लिहितानाच एक डोक्यात आलं. १९१३ च्या आधीचं रेंड्सबुर्ग केलं तर? चढच नाही! कालवा ६७ मीटरचा, म्हणजे जेमतेम ४२ सेंटिमीटर, रूळ सपाट आणि मध्ये फिरता पूल. काढता-घालता येणारा वेगळा मॉड्यूल करून त्याच स्टेशनला दुसऱ्या तोंडाने जोडायचा. मागे जुना आयडर कालवाही दाखवता येईल, १७८४ चा. त्याच्या सहा जलपाशांपैकी (बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या टाक्यांपैकी) पश्चिमेचा शेवटचा रेंड्सबुर्गलाच होता. आणि मागे जायचंच तर १८४८ का नको? २४ मार्चला, डेन्मार्कविरुद्धच्या उठावात, नोअरच्या राजपुत्राने कीलहून सैनिक आगगाडीत भरले आणि इथला किल्ला झटक्यात घेतला. पण त्या काळातली इंजिनं एन-स्केलमध्ये शोधत बसायची म्हणजे... नको. फिरता पूलच.

त्याची किल्ली आहे रुळांच्या तोंडाशी. पूल फिरून परत आला की दोन्ही रूळ बिनचूक समोरासमोर हवेत, एन-स्केलला अर्धा मिलिमीटर चुकला तरी चाक उतरतं. ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर आणि चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असा विचार आहे, वर टोकाला चुंबकाचा खटका. कुणी टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती) केलं असेल तर मोटर चालवणारा कोणता ड्रायव्हर-बोर्ड वापरला ते कळवा. माझ्याकडचा थांबल्यावर गुणगुणतो. तोवर फेरीचा डबा पुन्हा थ्रीडी प्रिंटला लावतोय, या वेळी एबीएस प्लास्टिकमध्ये. पीएलए प्लास्टिकचा मे महिन्यात उन्हाळ्याने वाकला.