गाडी रेडी, पण 'डी' लागेना

तक्रार साधी वाटावी अशी होती. स्टार्टचं बटण दाबलं की हिरवा 'रेडी' येतो, एसी चालतो, स्क्रीन चालते. पण गिअरचा नॉब 'डी'कडे, म्हणजे ड्राइव्हकडे, फिरवला की टुंग आवाज येऊन मेसेज उमटतो, 'ब्रेक दाबा आणि मग गिअर बदला'. ब्रेक दाबलेलाच असतो. मागचे लाल दिवे लख्ख पेटलेले असतात. गाडी बंद करून, लॉक करून थोडा वेळ सोडली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू लागते. सांगलीतल्या एका टूर्सवाल्यांची ही इलेक्ट्रिक टॅक्सी, मिरज स्टेशन आणि कोल्हापूर विमानतळाच्या भाड्यांवर फिरणारी. दोन ड्रायव्हर, एक दिवसाचा, एक रात्रीचा. कुपवाडला आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या गॅरेजात तिची बारा व्होल्टची बॅटरी बदलून झाली होती आणि ब्रेक पेडलचा स्विचही नवा बसला होता. दोष मात्र होता तिथंच.

या गाड्यांत गिअर 'पडत' नाही. मोटर आणि चाकांच्या मध्ये एकाच प्रमाणाचा रिडक्शन गिअर असतो, तोही कायम जोडलेला. नॉब फिरवणं म्हणजे गाडीच्या मुख्य कंट्रोलरकडे, म्हणजे व्हीसीयूकडे, पाठवलेली विनंती. व्हीसीयू आधी आपली यादी तपासतो: हाय व्होल्टेजचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी जोडणारे विजेवर चालणारे स्विच, बसलेत का, चार्जिंगची गन लावलेली नाही ना, बारा व्होल्टचा पुरवठा भक्कम आहे का, ब्रेक दाबलाय का, पार्किंग लॉकची मोटर सुटायला तयार आहे का. काही मॉडेल ड्रायव्हरचा दरवाजा आणि सीटबेल्टही बघतात. यातलं एक जरी चुकलं तरी विनंती नाकारली जाते. म्हणून अशा तक्रारीला मोटर किंवा मोठ्या बॅटरीपासून सुरुवात करू नये. 'रेडी' आला याचा अर्थ कॉन्टॅक्टर बसलेत, हाय व्होल्टेजची साखळी पूर्ण आहे. या कामात हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायची वेळच येत नाही, आणि ज्याच्याकडे एक हजार व्होल्टचे हातमोजे आणि सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढायचं प्रशिक्षण नाही त्यानं तो लावूही नये.

बॅटरी आधी का बदलली गेली तेही समजण्यासारखं आहे. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ मारायचा नसतो, त्यामुळे बारा व्होल्टची बॅटरी मरत आल्याचं कानाला कळत नाही. ती थेट असल्या विचित्र लक्षणांतून बोलते. तपासायला दोनच आकडे पुरतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि 'रेडी'मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करणारा, चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. इथं १२.५ आणि १४.१ आले. विषय संपला.

चार्जिंग सॉकेटवर ड्रायव्हरचा संशय होता, कारण एकदा कोल्हापुरात गन काढल्या काढल्याच गाडी अडली होती. संशय अगदीच पोकळ नव्हता. गन लागल्याचं गाडीला प्रॉक्सिमिटी पिनवरून कळतं. ३२ अँपिअरच्या एसी केबलच्या गनमध्ये त्या पिन आणि अर्थमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर असतो. सॉकेटमध्ये पावसाचं पाणी आणि माती साचली तर तिथं नको तो रेझिस्टन्स तयार होऊन गाडीची फसगत होऊ शकते. पण स्कॅनरवर त्या क्षणीचे सिग्नल दाखवणाऱ्या लाइव्ह डेटात 'गन कनेक्टेड' कायम 'नाही' दाखवत होतं, आणि सॉकेट कोरडं, पिना चकचकीत. (साफ करायची झालीच तर कोरड्या हवेनं. तेलकट स्प्रे त्या सॉकेटात मारू नये, त्यावर धूळ बसते.)

सांगलीत गाडीचा इलेक्ट्रिकल दोष म्हटला की तिसरा प्रश्न ठरलेला, 'पुरातली आहे का?' २०१९ आणि २०२१ नंतर तो विचारावाच लागतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर मातीची रेघ बघितली, सीटखालच्या रुळांचा गंज बघितला, कार्पेटखाली हात घातला. गाडी स्वच्छ. उसाची तोड सुरू झाली की उंदीर गाड्यांत घुसतात, म्हणून बॉनेटखालचं हार्नेसही (वायरींचा जुडगा) नजरेखालून घातलं. दात कुठं लागले नव्हते.

स्कॅनरवर जुन्या नोंदींत एकच कोड होता, पी ०५०४: ब्रेक स्विचच्या 'ए' आणि 'बी' सिग्नलचा मेळ बसत नाही. आधीच्या गॅरेजनं हाच कोड बघून स्विच बदलला असणार, आणि तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र नवा स्विच बसल्यावरही कोड परत आला, म्हणजे स्विचच्या पुढं-मागं बघायला हवं.

त्या छोट्या स्विचच्या पोटात दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात. पहिल्याला बॅटरीचा थेट पुरवठा. पेडल दाबलं की तो जुळतो, मागचे दिवे पेटतात. दुसऱ्याला इग्निशनचा पुरवठा, आणि तो उलटा चालतो: पाय उचललेला असताना जुळलेला, म्हणजे बारा व्होल्ट, पाय ठेवला की तुटतो, म्हणजे शून्य. एकच वायर तुटून किंवा चिकटून गाडी फसू नये म्हणून ही उलटसुलट जोडी. या मॉडेलमध्ये 'रेडी' देणारं बॉडी कंट्रोल युनिट पहिलाच सिग्नल बघतं, व्हीसीयूला मात्र दोन्ही लागतात. म्हणूनच 'रेडी' येतो, दिवे पेटतात आणि 'डी' लागत नाही. दिवे पेटतात म्हणून स्विच आणि वायरिंग चांगलं, हा गॅरेजमधला सर्रास काढला जाणारा निष्कर्ष इथं निम्मा खोटा ठरतो.

लाइव्ह डेटा बघताना जो तो पेडल दाबून बघतो. दाबल्यावर दोन्ही ओळी 'दाबला' म्हणतात, मग सगळं ठीक वाटतं. या गाडीचा दोष पाय काढल्यावर दिसणारा होता. दुसऱ्या कॉन्टॅक्टचा पुरवठाच गेला तर ती वायर कायम शून्यावर राहते, आणि शून्य म्हणजे 'दाबला'. पाय उचललेला असताना पहिला सिग्नल 'मोकळा', दुसरा 'दाबला'. ही विसंगती काही वेळ टिकली की व्हीसीयू ब्रेकच्या सिग्नलवरचा विश्वास काढून घेतो, आणि एकदा काढला की इग्निशन पूर्ण झोपून पुन्हा उठेपर्यंत तुम्ही पेडलवर उभे राहिलात तरी त्याला फरक पडत नाही. गाडी लॉक करून सोडली की बरी का होते, याचं उत्तर इथं आहे.

पण आमच्याकडे दोष दिसेना. नॉब फिरवा, 'डी' लागतोय. शेवटी दिवसाच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो वैतागलेलाच होता. "मालक म्हणत्यात, तुझा पायच नीट पडत नाही. रात्रीच्या गड्याला एकदाबी होत नाही म्हणं." मग म्हणाला, "आणि क्रूझबी सुटतंय वो मधनंच. हातकणंगल्याच्या पुढं लावलं की आपोआप निघतंय." ही माहिती त्यानं आधी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. पाय लांब असताना गाडीला ब्रेक दाबल्यासारखा वाटत असेल तर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, सुटणारच. दुसऱ्या कॉन्टॅक्टचा पुरवठा चालत्या गाडीतही जातोय, हे तिथंच पक्कं झालं.

आता त्याच्याच वेळी का? तो उंचापुरा. गाडीत बसला की पहिलं काम, स्टिअरिंगची टिल्टची दांडी सोडून चाक वर ढकलणं. रात्रीचा ड्रायव्हर ते खाली घेतो. आणि गाडी गॅरेजला यायची ती रात्रपाळी संपवून सकाळी, म्हणजे चाक खाली असताना. चाक वर करून, पाय काढून लाइव्ह डेटा धरला आणि स्टिअरिंगखालच्या वायरी हलवल्या, तेव्हा दुसरी ओळ फडफडायला लागली: मोकळा, दाबला, मोकळा.

खालचं पॅनेल उतरवलं. आत सार्वजनिक वाहनांना बसवावा लागणारा एआयएस-१४० या सरकारी मानकाचा लोकेशन ट्रॅकर, केबल टायनं स्टिअरिंग कॉलमच्या हलणाऱ्या भागाला बांधलेला. त्याची इग्निशनची वायर घेतली होती ब्रेक स्विचच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टला जाणाऱ्या वायरमधून, हाताला जवळ पडते म्हणून. जोडही कापून नाही, तर दाबून बसवायच्या निळ्या टॅपनं. हे टॅप दीड ते अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीचे. इथली वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची. पात्यानं इन्शुलेशनबरोबर तांब्याच्या तारा कापल्या, उरलेल्या दोन-तीन तारांवर पावसाळी दमट हवेनं हिरवा थर चढला. चाक वर गेलं की ट्रॅकर वर जायचा, त्याची वायर ताणली जायची आणि टॅप त्या उरलेल्या तारांना ओढायचा.

इथं मल्टिमीटरची एक खोड लक्षात ठेवावी. स्विचच्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडणीच्या प्लगवर, मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दिसत होते, म्हणजे पुरवठा चांगला वाटावा असं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एका तारेवरही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कपलर काढून पुरवठ्याची पिन आणि अर्थ यांच्यामध्ये पाच वॅटचा साधा बल्ब जोडला, तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, तेव्हा व्होल्टेज चारच्या खाली बसलं आणि बल्ब नुसता लालसर झाला. एलईडीचा टेस्ट लॅम्प इथं उपयोगाचा नाही, तोही मीटरसारखाच फसवतो. आणि हा बल्ब फक्त फ्यूजमधून येणाऱ्या पुरवठ्याच्या वायरीला लावायचा. व्हीसीयूकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वायरीला अजिबात नाही.

कॅन लाइनही, म्हणजे गाडीतले कंट्रोलर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, तपासली, पण ते कर्तव्य म्हणून. बॅटरी सोडून ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ६० ओहम आले, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या कॅन लाइनींना जोडणारं युनिट, असतं, त्यामुळे हे माप मोटरकडच्या कॅनबद्दल काहीच सांगत नाही, हे मात्र ध्यानात असावं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. टॅप काढून वायर दोन्ही बाजूंनी लालबुंद तांबं दिसेपर्यंत कापली, त्याच जाडीचा नवा तुकडा बट स्प्लाइसनं, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या धातूच्या नळीनं, दाबून क्रिंप केला, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. नुसती टेप गुंडाळली असती तर पुढच्या पावसाळ्यात गाडी परत आली असती. ट्रॅकर कायद्यानं लागतो, तो काढून टाकता येत नाही. बसवणाऱ्यालाच बोलावून तो डॅशबोर्डच्या न हलणाऱ्या पट्टीवर घेतला. त्याची इग्निशन आता फ्यूज बॉक्समधल्या अ‍ॅक्सेसरीच्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून आणि स्वतःच्या दोन अँपिअरच्या फ्यूजमधून घेतली आहे. अर्थ बॉडीच्या बोल्टला. मग तोच बल्ब पुन्हा जोडून चाक वर-खाली केलं, वायरी हलवल्या, उजेड ढिम्म राहिला. कपलर बसवून, पाय काढून दोन्ही ओळी 'मोकळा' असल्याचं पाहिलं, कोड पुसला आणि दिवसाच्या ड्रायव्हरला क्रूझ लावून अंकली पुलापलीकडे जयसिंगपूरपर्यंत पाठवलं.

मालकांना तेव्हाच विचारलं, बाकीच्या गाड्यांचे ट्रॅकर कुणी बसवले? त्याच माणसानं. दुसऱ्या दिवसापासून एकेक गाडी येऊ लागली. पॅनेल उतरवायला चार क्लिपा आणि दोन स्क्रू. निळा टॅप तिथंच, त्याच वायरीवर. एका गाडीत तांबं अजून लाल होतं, तिथं नुसता टॅप काढून उघडी जागा सील करून भागलं. बाकीच्यांत वायरीचा तुकडा बदलावा लागला.