लोणारच्या पाण्यातली हळद

लेकाला घेऊन परदेशी जायचं म्हटलं की व्हिसाच्या फायलीत एक कागद जोडावा लागतो, त्याच्या बाबांच्या मृत्यूचा दाखला. लहान मूल एकाच पालकासोबत देशाबाहेर निघालंय, तर दुसऱ्याची संमती कुठे, हे विचारणारच. विचारायलाच हवं. पहिल्या परदेशवारीपासून त्या दाखल्याच्या चार झेरॉक्स माझ्या पर्समध्ये असतात. खिडकीपलीकडचा माणूस कागद वाचतो, आम्हा दोघांकडे एकदा बघतो आणि फाईल पुढे सरकवतो. बोलत कुणीच नाही. नातेवाइकांच्या घरीही तेच. पोराच्या मनाला लागेल म्हणून त्याच्यासमोर बाबांचा विषयच काढत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यात एसटीत बूड टेकायच्या आत विचारतात.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जालन्याहून सिंदखेडराजा, तिथून लोणार, मेहकर, आणि शेवटी घाट उतरून शेगाव असे फिरलो. सगळं लालपरीने. 2023च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना आधीपासूनच अर्धं. कंडक्टरने मशीनवर बोटं चालवली आणि म्हणाला, ''ताई, तुमचं दोघांचं मिळून एक झालं.'' लेक सात वर्षांचा आहे. त्याला हा हिशेब इतका आवडला की पुढच्या प्रत्येक गाडीत त्यानेच तिकीट काढलं.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा अगदी रस्त्यालगत आहे. भव्य दगडी दरवाजा, आत मोकळी जागा आणि जिजाऊंचं जन्मस्थळ. 12 जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल होती, ती निघून गेल्यावर आम्हीच उरलो. मला या वाड्यात एक गोष्ट नेहमी वाटते. आपण जिजाऊ सांगतो त्या बाळशिवाजीला मांडीवर घेतलेल्या. पण 1664 साली शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरेला शिकारीत घोड्यावरून पडून गेले, त्यानंतर ही बाई दहा वर्षं जगली आणि नुसती जगली नाही. 1666 साली महाराज आग्र्याला निघाले तेव्हा राज्याचा कारभार त्यांच्या भरवशावर होता. 1674च्या जूनमध्ये राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून, अवघ्या काही दिवसांनी पाचाडला त्यांनी देह ठेवला. शहाजीराजे गेले तेव्हा सती जाऊ नका म्हणून महाराजांनी त्यांना गळ घातली होती, असं सांगतात. मला ती दहा वर्षं मुलांना शिकवलेली हवी आहेत. माझ्या लेकाला मी तिथेच सावलीत बसून सांगितली.

त्याने विचारलं, ''बाबा गेले तेव्हा शिवाजी महाराज केवढे होते?''

''मोठे होते. चौतिशीच्या आसपास.''

''मग त्यांना आठवत असतील.''

स्वतःचे बाबा गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मी त्याला जवळ घेतलं आणि बाबांच्या हसण्याबद्दल, त्यांच्या शिट्टी वाजवण्याबद्दल जेवढं आठवलं तेवढं सगळं सांगितलं. पहारेकऱ्याने वाडा बंद व्हायची वेळ झाली म्हणेपर्यंत सांगत होते.

लोणारच्या वाटेवर तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. हरभरा नुकता वर आलेला. गावात पहिल्या लॉजवर 'जेन्ट्स नाहीत का सोबत' म्हणत खोली नाकारली, दुसरीकडे सहज मिळाली. सकाळी गोमुखाच्या धारेवर हातपाय धुऊन आम्ही विवरात उतरलो. काठावर बारमाही गोड पाणी आणि खाली जिभेवर धरवणार नाही असं खारं! बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर. 2020च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळाला. उतरताना माकडं, मोर, झाडीत हरवलेली जुनी देवळं. पाण्याजवळ आलं की दर्प नाकात भरतो. लेकाने नाक धरलं, पण पाय मागे घेतला नाही.

सोबतच्या गाईडने खिशातून हळदीची पुडी काढली. लेकाच्या तळहातावर चिमूटभर हळद टाकली आणि ओंजळीतलं सरोवराचं चार थेंब पाणी वर सोडलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली. कडेने आधी, मग मधोमध, शेवटी पूर्ण तळहात कुंकवाच्या रंगाचा. पाणी अल्कधर्मी असलं की हळद अशी पालटते. घरोघरच्या जुन्या बायका हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करत, ते याच गुणावर. गाईडने लेकाच्या कपाळाला टिळा लावला. मग माझ्याकडे वळला आणि त्याचं बोट थांबलं. आदल्या संध्याकाळीच त्याला आमचं सगळं कळलं होतं. भला मुलगा, खाली बघायला लागला. लेकाने मात्र आपल्या हातावरचं बोट भरून घेतलं, म्हणाला, ''आई, वाक,'' आणि माझ्या कपाळावर रेघ ओढली.

मी ती पुसली नाही. तशीच मेहकरच्या गाडीत बसले.

शेजारी नऊवारीतली एक म्हातारी, मांडीवर पिशवी, पिशवीत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. गाडी हलली तसा प्रश्न आला, ''मालक नाई आले काय वं संगं?''

मी शब्द जुळवत होते तोवर लेकच बोलला. ''माझे बाबा वारले. हे कुंकू नाहीये, हळद आहे, सरोवराच्या पाण्याने लाल झाली.'' आवाजात काही थरथर नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं त्याने.

माझा हात कपाळाकडे गेला. म्हातारीने तो धरला. ''पुसू नोको वं माय. लेकरानं लावलं हाये, राहू दे.'' मग त्याच्याकडे वळून, ''तुह्या बापाचं नाव काय, बाप्पा?''

त्याने पूर्ण नाव सांगितलं. ते काय काम करायचे, कुठल्या गावचे, शिट्टी कशी वाजवायचे, सगळं. आदल्या दिवशी वाड्यात ऐकलेलंच होतं, पण आता ते त्याचं झालेलं. म्हातारी शेंगा सोलून त्याच्या हातावर दाणे ठेवत होती आणि मधूनमधून ''मंग?'' म्हणत होती. तिचे मालक गेले तेव्हा तिचा पोरगाही एवढाच होता, हे तिने मला मेहकर यायच्या जरा आधी, उतरायची तयारी करताना सांगितलं. घाईत असल्यासारखं.

मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या दगडातली उंच मूर्ती बघितली, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला रांगेत उभे राहिलो. पण लेकाची शेगावची आठवण कचोरीची आहे.

जोडीदार गेल्यावर लहान मुलाला घेऊन फिरायला निघणाऱ्या आईवडिलांना मी हा भाग आवर्जून सुचवते. परदेशात बघण्यासारखं पुष्कळ आहे, आम्ही पुन्हा जाणारही आहोत. पण मुलाला गेलेल्या माणसाबद्दल बोलायची सवय लागायची असेल तर विचारणारी माणसं लागतात, आणि ती इथे प्रत्येक बाकड्यावर आहेत. स्वतःची गाडी आणू नका, एसटीने फिरा. डिसेंबरात या, तेव्हा ओल्या तुरी असतात. लोणारला सकाळी लवकर उतरा, प्यायचं पाणी वरूनच भरून घ्या. मेहकरहून शेगावची थेट गाडी मिळाली नाही तर खामगावला उतरा, तिथून शेगाव जवळ आहे आणि गाड्या भरपूर.