तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवा ना

आमच्या गावात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी दोनदा झाली. पहिल्यांदा आल्या चार जणी, दुसऱ्यांदा उपकेंद्राबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती, आणि मधे बदललं काय तर वार, अन् एक शब्द.

पहिला दिवस ऐन कापूस वेचाईतला. मजुरी किलोवर, म्हणजे वावरात गेलं नाही तर हातात काहीच नाही. आशाताई घरोघर सांगून आली, सगळ्या हाव हाव म्हणाल्या अन् सकाळी ओटीला कापड बांधून वावरात. त्या चौघींत मी होते, पण माझं कौतुक नको, मला शाळेला सुट्टी होती म्हणून गेले. मोठ्या जाऊबाईंना म्हटलं चला, तर म्हणे, "मले काही दुखत नाही, कायले जाऊ?"

आता गंमत हीच आहे की हा रोग सुरवातीला दुखतच नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, तो बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो, राहिला तर कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढ्या वर्षांत कधीही सापडला तर काम सोपं. पण आमच्याकडे दुखलं तरी कोण सांगते बाप्पा! डॉ. राणी बंग यांचा १९८९ चा गडचिरोलीचा अभ्यास आहे, दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तर ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. कॅन्सरच्या तपासणीचं तर त्याहून कठीण, २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या १.९ टक्के बायकांनीच ती कधी केलेली होती.

बरं, तपासणी म्हणजे काय, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा चट्टा उठला तर पुढे पाठवतात. रिझल्ट तिथंच. फक्त त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, एक जण बाहेरून दार धरून उभी. हे मात्र मला अजून खटकते.

तर आशाताईनंच डोकं चालवलं. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी, हप्त्याचा हिशोब त्याच दिवशी, बाया तशाही पिशव्या घेऊन निघतातच, घरी कोणाला सांगायची गरज नाही. आणि कॅन्सर शब्द काढून "पिशवीची तपासणी" म्हणायचं. झालं, भाजी घ्यायच्या आधी लाईन. एक म्हातारी बाहेर येऊन म्हणे, "इतकंच? बाळंतपणात तं याहून जास्त लोकं पाहून गेले."

जाऊबाईंना चट्टा निघाला. सिस्टरनं दहादा सांगितलं की चट्टा म्हणजे कॅन्सर नाही, दुर्बिणीतून पाहतील, लागलं तर तेवढा भाग जाळून टाकतील, पण त्या रात्री जेवल्या नाहीत. जिल्ह्याची तारीख मिळाली आहे सोमवारची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते एक बरं. पण सोमवारी वेचाई आहे, आणि दिवस बुडेल म्हणून त्या कालपासून कुरकुरताहेत. मी रजा टाकली आहे, मळा काही पळून जात नाही म्हटलं, सकाळी सहाच्या गाडीनं घेऊन जाते.