अन्ननलिकेच्या मॅनोमेट्रीचा माझा अनुभव

एंडोस्कोपीत व्रण आढळले नव्हते आणि गोळ्यांनीही छातीतील जळजळ पुरती थांबत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मला मॅनोमेट्री (अन्ननलिकेतील दाब मोजणारी चाचणी) आणि त्यापाठोपाठ २४ तासांची पीएच चाचणी (अन्ननलिकेत आम्ल किती वेळ राहते ते मोजणारी) करून घेण्यास सांगितले. त्यासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागल्या. खरे सांगायचे तर चाचणीपेक्षा तो आठवडाच जड गेला.

उपाशीपोटी नाकपुडीत बधिर करणारी जेली लावून दाब मोजणारी बारीक नळी जठरापर्यंत उतरवतात. ती घशातून जाताना उमासे येतात, पण घोट घेत राहिले की ती पुढे सरकते. मग उताणे झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट एकेक करून गिळायला लावतात आणि दाबाचे चढउतार पडद्यावर रंगांत उमटतात.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे पडद्यावर एक आडवी पट्टी कायम दिसत होती. तंत्रज्ञांनी सांगितले की तो दोन स्नायूंचा एकत्रित दाब आहे: एक अन्ननलिकेच्या टोकाचे ३-४ सेंटिमीटरचे, एरवी आवळलेले आणि गिळताना सैलावणारे वलय, आणि दुसरे त्याला बाहेरून वेढणारे श्वासपटल. दीर्घ श्वास घेताच पट्टी गडद झाली. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो आणि आम्ल वर खेचले जाण्याची शक्यता नेमकी तेव्हाच असते. त्याच क्षणी श्वासपटल आवळले जाते, ही रचना मला फार चोख वाटली. शिवाय अन्ननलिका जठरात तिरकी शिरत असल्याने भरलेले जठर तिथली घडी दाबून धरते, मात्र ती या चाचणीत दिसत नाही.

माझा दाब सामान्य होता, हर्नियाही (जठराचा भाग श्वासपटलातून वर छातीत सरकणे) नव्हता. पीएच चाचणीत मात्र, वलयाच्या ५ सेंटिमीटर वरचा पीएच एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून अधिक काळ ४ च्या खाली, म्हणजे आम्लयुक्त राहिला, तोही मुख्यतः जेवणानंतर. डॉक्टरांच्या मते जठर ताणले गेले की मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने वलय आणि श्वासपटल दोन्ही, काही गिळले नसतानाही, काही सेकंद सैल पडतात. ढेकर अशीच बाहेर पडते आणि हे सर्वांनाच होते. माझ्या बाबतीत तिच्यासोबत आम्लही वारंवार चढते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा विषय त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आणि जेवण थोडे-थोडे घ्यायला, झोपण्यापूर्वी तीन तास काही न खायला आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगितले.