लांब पल्ल्याच्या वाटेवरचा कडक उन्हाचा दिवस: आजची नोंद

अंतर १९ किलोमीटर, चढ १,२०० मीटर. नेस्मिथच्या १८९२ सालच्या जुन्या ठोकताळ्याने (दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला एक तास) हे पावणेसहा तासांचं काम. आम्हाला लागले साडेअकरा. त्यातले चार तास आम्ही सावलीत आडवे होतो, आणि तरीही हा या मोहिमेतला सगळ्यात नीट आखलेला दिवस होता असं मी म्हणेन. कडक उन्हात किती चाललो यापेक्षा कधी चाललो याला जास्त महत्त्व आहे. हे आता मला पक्कं पटलंय.

मोठा चढ पूर्वेकडे तोंड करून होता, म्हणजे सूर्य उगवला की पहिला तडाखा त्यालाच. म्हणून सव्वाचारला हेडलॅम्प लावून निघालो. उन्हं धारेवर आली तेव्हा दोन तृतीयांश चढ मागे पडला होता. उरलेल्या चढाने मात्र दम काढला. शेवटची घळ दोन्ही बाजूंनी बंद, वाऱ्याचा मागमूस नाही, पायाखाली घसारा. तोल सावरायला कातळावर हात टेकला की चटका बसून लगेच उचलावा लागत होता. वीस पावलं, मग चालायच्या काठीवर भार टाकून चार श्वास, पुन्हा वीस पावलं. अशा ठिकाणी वेग नाही, लय सांभाळायची.

प्रगती म्हणाल तर ती नाडीत दिसते. सुरुवातीला असल्या चढावर ठोके १६० च्या पुढे जायचे, आज घळीतसुद्धा १४५ च्या आसपास राहिले. अंगाला ऊन सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. माझ्या सॅकच्या पट्ट्यांवर वाळणारे पांढरे पट्टे खरंच फिके झालेत.

पाण्याचा हिशेब: दोन झऱ्यांमध्ये ११ किलोमीटर कोरडे, म्हणून प्रत्येकी चार लिटर. चार किलो जास्तीचं ओझं खांद्यांना कळतं, पण भर उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, तेव्हा इथे काटकसर करायची नाही. मात्र नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं आणि तो आणखी पितो. म्हणून मी दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस टाकतो आणि थांब्यावर काहीतरी खारट खातोच.

खिंडीत गार वारा लागला आणि सोबत्याने टोपी काढली. लगेच घालायला लावली. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, पण अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. गार वाटतं म्हणून माणूस गाफील राहतो आणि संध्याकाळी मान सोलते.

अकराच्या सुमारास हाच सोबती एकाएकी गप्प झाला. विचारलं तर हं-हूं. चेहरा पांढरा, अंग घामाने थबथबलेलं. तिथेच एका कातळाच्या सावलीत सॅक उतरवली, त्याचे बूट काढले, शर्ट ओला केला, मानेवर पाणी घातलं आणि नकाशाच्या घडीने वारा घातला. अर्ध्या तासात तो आपणहून बोलायला लागला. तो असंबद्ध बोलू लागला असता किंवा त्याची पावलं अडखळली असती तर तो उष्माघात धरून होतं-नव्हतं ते सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं असतं आणि मदत मागवली असती. त्या अवस्थेत मिनिटांना किंमत असते. दुपारचा लांब थांबा आधीच आखलेला होता, म्हणून कुणालाही घाई करावीशी वाटली नाही.

पाय: दर थांब्याला मोजे बदलले, ओले सॅकला टांगले. टाच घासून गरम लागताच टेप, फोड येण्याची वाट बघितली नाही. उष्म्याने पाय फुगतात, म्हणून उताराआधी नाड्या पुढून सैल आणि घोट्याशी घट्ट बांधल्या. नखं शाबूत आहेत.

उद्याचा टप्पा धारेवरचा, सावली नावालाही नाही. छत्री उघडावी तर वारा, न उघडावी तर डोक्यावर ऊन. तूर्त ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलीय आणि साडेतीनचा गजर लावलाय. उघड्या धारेवर कुणी छत्री खांद्याच्या पट्टीला बांधून चाललं असेल तर गाठ कशी मारली ते जरूर सांगा.